हरण्याची आंघोळ

शिरड शहापूर,
३ जुलै २०२५

चि. स्वप्निल यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. सूनबाईला, प्रियंकालाही सांग.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आपल्याकडे फोन एकच, आणि तो तुझ्या मामांच्या उशाशी असतो. कुणाचाही फोन आला की ते स्पीकरवर लावतात. मला तुला एक गोष्ट त्यांच्या नकळत विचारायची आहे, म्हणून हा कागद. उत्तरही पत्रानंच दे, पण घरी पाठवू नकोस, अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव. आमची मदतनीस पुजा पत्र फोडणाऱ्यातली नाही. आत काय आहे ते दहादा विचारेल, पण फोडणार नाही.

विचारायचं ते असं. तुमच्या दुकानात गाडी धुवायची मशीन मिळते ना, पाण्याचा जोरात फवारा मारणारी? पण मला वायर असलेली नको. आपल्या अंगणात गाडी उभी असते तिथपर्यंत वायर पोचत नाही, आणि लाईट कधी असते ते तुला ठाऊकच आहे. बॅटरीवर चालणारी, बादलीतून पाणी ओढणारी पाहिजे. घ्यावी तर कोणती घ्यावी, ते नीट समजावून लिही.

गाडी म्हणजे आपला हरण्या. तू दहावीला होतास तेव्हा मामांनी बैलजोडी विकून ती पांढरी व्हॅन आणली आणि विकलेल्या बैलाचं नाव गाडीला ठेवलं. गाव हसलं, पण नाव चिकटलं. गेल्या वर्षापर्यंत खांदमळणीच्या संध्याकाळी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, मामा तिला धुऊन पुसून बोनेटला लोणी-हळद चोळायचे आणि बैलाला सांगतात तसंच सांगायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

यंदा मात्र म्हणतात, हरण्याला पोळा नाही. पोळा झाला की आखाडा बाळापूरचा मुन्ना म्हणून एक गिऱ्हाईक आहे, तो येऊन गाडी घेऊन जाणार. मला ते नको आहे. गाडी एकदा धुतली गेली तर त्यांचं मन बदलेल असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस.

मामा बरे आहेत. पाडव्याच्या आधी न्हाणीत पाय घसरला होता, तेव्हापासून जरा जपून असतात, एवढंच. पोळा बावीस ऑगस्टला आहे. त्याच्या आत मशीन यायला पाहिजे.

मशीन मलाच वापरायची आहे, हे ध्यानात घेऊन सांग. जड नको.

तुझी,
सुमनआत्या


छत्रपती संभाजीनगर,
१० जुलै २०२५

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार.

अंगणवाडीच्या पत्त्यावर पत्र मागवणारी आत्या बघून प्रियंका म्हणाली, तुमच्या आत्याचं काहीतरी शिजतंय. मी म्हटलं, शिजत असेल तर आपल्याला डबा येईलच.

आता मशीनचं. गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगतो, म्हणजे तुला फसवता येणार नाही.

वायरवाली मशीन जोरात मारते, पण तिला सतत लाईट लागते. ती सोडून दे. बॅटरीवाल्यांत सगळ्यात जास्त खपते ती पिस्तुलासारखी. मुठीखाली बॅटरी, पुढं नळी, आणि एक पाईप बादलीत सोडायचा. घोडा दाबला की पाणी ओढून फवारा मारते. एका बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं चालते. व्हॅनला दोन बॅटऱ्या पुरे. वायरवालीएवढा जोर नसतो, पण चिखल निघतो, आणि दोन-तीन बादल्यांत काम होतं. बादलीतल्या पाइपाच्या टोकाला जाळी असलीच पाहिजे, नाहीतर बोअरची रेती आत जाऊन पंप बसतो.

फोनवर जाहिरातीत दिसते ती स्वस्तातली घेऊ नकोस. तिच्या बॅटरीवर मोठ्ठा अठ्ठेचाळीसचा आकडा छापलेला असतो. उघडून बघितलं तर आत पाच सेल, म्हणजे एकवीस व्होल्ट. आकडा स्टिकरचा, काम सेलचं. आणि फवाऱ्याचं तोंड रुंद ठेवायचं. बारीक धारेनं चिखलाबरोबर रंगही जातो.

तर तुझ्यासाठी पिस्तुलवालीच बरी. सव्वादोन किलोची आहे. तू दोन हातांनी पाच किलोचं पातेलं उतरवतेस, हे काय जड तुला.

पण आत्या, तू का धुणार? मामा असताना हरण्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. एकदा मीच लावला होता. दहावीच्या वर्षी, पोळ्याच्या आधी, ते शेतात गेले तेव्हा मी चौदा बादल्या ओतून गाडी घासली होती. त्यांना खूश करायचं होतं. ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत, आणि बादली भरून सगळी गाडी पहिल्यापासून परत धुतली. मी न्हाणीत जाऊन रडलो होतो. आज दुकानात माणसं मला विचारून मशिनी घेतात, पण गाडी धुवायची म्हटलं की मला अजून वाटतं, आपल्याला काही जमत नाही.

असो. गाडी का विकताहेत ते लिही. पैशाचं नाव काढू नकोस, मशीन माझ्याकडून.

तुझा,
स्वप्निल


शिरड शहापूर,
१९ जुलै २०२५

चि. स्वप्निल,

आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. पुजाला सांगितलं की भाच्यानं पुरणाच्या यंत्राची माहिती पाठवली आहे. तिचा विश्वास बसला नाही, परत दोनदा विचारलंच.

आधी माझा पराक्रम ऐक. मशीन यायला वेळ लागेल म्हणून मी म्हटलं, गावात घरोघर बॅटरीचे फवारणी पंप आहेत, त्यांनीच का धुवू नये? तांड्यावरचे मोहनसिंग आपले शेजारशेतकरी, त्यांचा पंप मागून आणला. मामा दुपारी झोपले होते. पाठीवर पंप घेऊन मी हरण्यावर पाणी मारायला लागले. चिखल तसाच. नुसता ओला झाला, बस. आणि चार दिवसांनी गाडीजवळचा माझा सगळा झेंडू माना टाकून बसला. मोहनसिंगांना विचारलं तर डोक्याला हात लावून म्हणाले, "वहिनी, तुमी नेला त्याच्या आदल्या दिवशीच तणनाशक मारलं होतं त्यानं. तुमाला धुऊन घ्या म्हनून सांगायचं राहिलं." पोळ्याला तोरण करायला झेंडू लावला होता मी. आता विकत आणावा लागेल.

मामांनी झेंडू बघितला. मग चहा मागितला.

आता तुझी दहावीची गोष्ट. ती वाचून मला वाईट वाटलं, कारण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. अरे वेड्या, तू वाईट धुतली म्हणून त्यांनी परत धुतली नाही. त्यांच्या घरात चार पिढ्यांचा नेम आहे, जो जुपतो त्यानंच धुवायचं. बैलाला ज्यानं वर्षभर जुवाखाली घातलं, त्याच्या खांद्याचा मळ त्यानंच काढायचा. गडी असो, पोरगं असो, दुसऱ्यानं घातलेली आंघोळ बैलाला लागत नाही म्हणतात. सासऱ्यांना ताप असतानाही त्यांनी स्वतः उठून बैल धुतले होते. मामांनी तो नेम गाडीला लावला. तू चांदीसारखी घासली असतीस तरी त्यांनी परत धुतलीच असती. हे तेव्हाच बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण बोलायचं म्हटलं की या माणसाच्या तोंडात मिठाची गुळणी.

आता मशीन. तू पिस्तुलवाली म्हणतोस, पण माझे काही प्रश्न आहेत. घोडा दाबायच्या आधी एक खटका दाबावा लागतो असं मामा झोपलेले असताना फोनवर बघितलं. तो खटका कुठल्या अंगाला असतो? डाव्या हातात धरली तर डाव्या अंगठ्याला पोचतो का? बॅटरी काढायला दोन हात लागतात का? खुर्चीवर बसून धुता येईल का? आणि सव्वादोन किलो म्हणजे सारखं उचलून धरायला जडच झालं रे. त्याहून हलकी नाही का?

हसू नकोस. नीट बघून सांग.

तुझी,
आत्या


छत्रपती संभाजीनगर,
२७ जुलै २०२५

आत्या,

नमस्कार.

मी हसलो नाही असं नाही. पहिल्यांदा हसलोच. मालकांना म्हणालो, आमची आत्या सिंहासनावर बसून डाव्या हातानं गाडी धुणार आहे. ते म्हणाले, मग करून बघ, गिऱ्हाइकानं विचारलं तर उत्तर पाहिजे.

म्हणून काल संध्याकाळी दुकानाच्या मागं मालकांची गाडी घेतली. उजवा हात रुमालानं कमरेच्या पट्ट्याला बांधला, खुर्ची टाकली आणि एकेक मशीन डाव्या हातात घेतली.

पिस्तुलवालीचा खटका उजव्या हातासाठीच बनवलेला असतो. डाव्या अंगठ्यानं पोचत नाही. बोटानं ओढून बघितला तर मशीन गुडघ्यावर पडली. बॅटरीची क्लिप दोन्ही बाजूंनी दाबायची असते, ती मी शेवटी दातांनी काढली. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. जो माणूस रोज हेच विकतो त्याला एका हातानं चाक धुता आलं नाही.

मग मालक म्हणाले, "स्वप्निल, ज्याचा उजवा हात चालत नाही त्याच्यासाठी बघून राहिलास का तू?"

मी रुमाल सोडायचा थांबलो. आत्या, तुझे दोन्ही हात धडधाकट आहेत. मला आठवायला लागलं. पाडव्यापासून मामा व्हिडिओ कॉलवर चेहऱ्याची एकच बाजू दाखवतात. मी म्हणायचो, मामा, फोन सरळ धरा, आणि ते फोन तुझ्याकडं देऊन टाकायचे. फोनवर हल्ली फक्त "हं" म्हणतात. मला वाटायचं, माझा राग आला असेल, गावी येत नाही म्हणून.

मामांना काय झालंय ते मला सांग. मशीनचं मी बघतो. माझ्या डोक्यात एक दुसऱ्या प्रकारची आली आहे. पण आधी हे सांग.

स्वप्निल


शिरड शहापूर,
४ ऑगस्ट २०२५

चि. स्वप्निल,

तुझं पत्र अंगणवाडीतच वाचलं आणि लेकरांसमोर रडले. पुजानं पाणी आणून दिलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

न्हाणीत पाय घसरला ते खोटं. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी ते हरण्याला धुवायला अंगणात गेले. मी चहा टाकला होता. बादली पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर ते चाकाला टेकून बसलेले, आणि तोंड वाकडं. अंगावरून वारं गेलं होतं, उजव्या बाजूनं. मोहनसिंगांनी हरण्यातच घालून नांदेडला नेलं. जीव वाचला तो वेळेत पोचल्यामुळं, असं डॉक्टर म्हणाले. मोहनसिंगांचे उपकार मी कशानं फेडू?

आता काठी घेऊन चालतात. बोलणं जड झालंय, पण कळतं. उजवा हात मात्र तसाच. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, रोज दाबायला. मी हातात ठेवला की म्हणतात, "मी काय लेकरू हाय व्हय, चेंडू खेळायला?" आणि मला शपथ घातली, माहेरी कळवायचं नाही. "पाहुणे येत्याल, बिस्किटाचा पुडा ठिवत्याल आन् माझं वाकडं तोंड बघून जात्याल. न्हाई पायजे." मी शपथ पाळली. आज मोडते आहे, देव मला माफ करो.

सगळ्यात वाईट काय सांगू? हात गेल्याचं मला एवढं वाटत नाही. हरण्या पाडव्यापासून तसाच उभा आहे. वर धूळ, त्यावर पाऊस, कोंबड्या टपावर बसतात. ते बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसतात, कारण दुसऱ्या बाजूला बसलं की खिडकीतून गाडी दिसते. मोहनसिंग दोनदा म्हणाले, मी धुऊन देतो. मामांनी हात जोडले आणि नको म्हणाले. मी म्हटलं, मग मी धुते. त्यावर म्हणाले, "जो जुपतो त्यानं धुवायचं. मला जुपता येत न्हाई आन् धुताबी येत न्हाई. मळलेलं जनावर दावणीला ठिवू नये. इकून टाकू."

माझा हिशोब साधा आहे. त्यांनी एकदा आपल्या हातानं हरण्याला धुतलं तर ते भिंतीकडचं तोंड फिरवतील. गाडी राहो की जावो, मला माझा माणूस भिंतीकडून परत पाहिजे आहे. म्हणून ही मशीन.

तू हात बांधून बघितलास, बाळा. पोटचं पोरगंसुद्धा असं करत नाही.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
११ ऑगस्ट २०२५

ती. माणिकराव मामांस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हालाच आहे. खोक्यावर ठेवलं आहे. खोकं आजच्या ट्रॅव्हल्सनं औंढ्याला येईल, मोहनसिंगकाकांना उतरवून घ्यायला सांगितलं आहे.

आत्यावर रागावू नका. तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही, मीच ओळखलं. आणि मी बिस्किटाचा पुडा घेऊन येणार नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन.

मशीनबद्दल सांगतो. ही हातात धरायची नाही. बॅटरी, पंप आणि पाण्याची टाकी, सगळं एका डब्यात आहे, डब्याला चाकं आहेत. तो जमिनीवर राहतो. हातात फक्त नळी येते, आपल्या पितळी तांब्याएवढी जड. नळीचा खटका दोन्ही अंगांना आहे. बॅटरी वरून एका हातानं निघते, मी तिथं लाल चिकटपट्टी लावली आहे. घोडा जरा ताठ आहे, दाबून धरावा लागतो. मी त्याला मुद्दाम तेल घातलं नाही. या मशीननं मी उजवा हात बांधून, खुर्चीवर बसून, मालकांची गाडी सहा वेळा धुतली. मालक म्हणतात, आता पुरे, रंग जाईल. म्हणजे ती धुते, याची खात्री मी देतो.

आता माझं. नववीत मी तुमच्या घरी आलो. बाबा आजारी होते आणि आमच्या हट्टा गावातल्या घरात माझ्या शाळेकडं बघायला कुणी नव्हतं. मी दारात दप्तर घेऊन उभा होतो. तुम्ही काही बोलला नाहीत. हातोडी आणली आणि तुमच्या सदऱ्याच्या खुंटीशेजारी माझ्या दप्तरासाठी दुसरी खुंटी ठोकलीत. तेवढ्यावरून मला कळलं की मी इथं राहायला आलोय, पाहुणा नाही. चार वर्षं मी तुमच्या ताटाला ताट लावून जेवलो. आज जे काही दोन पैसे मिळवतो, चार माणसं विचारतात, ते सगळं त्या खुंटीपासून सुरू झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही बोलत नाही म्हणून मीही बोललो नाही, आणि त्यात बारा वर्षं गेली. मामा, मी तुमचा फार ऋणी आहे.

आणि तुम्ही परत धुतलेल्या गाडीचं कारण मला आता कळलं. त्या दिवशी मी उगाच रडलो.

मशीनमध्ये काही कमी-जास्त वाटलं तर कळवा.

तुमचा,
स्वप्निल


शिरड शहापूर,
२४ ऑगस्ट २०२५

चि. स्वप्निल,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी घरात बसून लिहिते आहे, उघड उघड, आणि तुझे मामा समोर बसले आहेत. तुलाच फोन लावणार होते, पण ते म्हणाले, कागदावर लिही, कागद राहतो.

खोकं आलं ते तेरा तारखेला. मोहनसिंगांनी अंगणात ठेवलं. तुझं पत्र मामांनी डाव्या हातात धरून वाचलं. पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं. मग खोक्याकडं बघत म्हणाले, "ह्याचा खटका दोन्ही अंगाला हाय म्हनं. तू इचारलंच होतंस."

मी चपापले. मी विचारलं होतं ते त्यांना कसं ठाऊक?

म्हणाले, "हळदीच्या डब्यात कोन पत्र ठिवतं? समदे कागद पिवळे करून ठिवलेस." अरे, तुझी पत्रं मी अंगणवाडीतून आणून डब्यात तळाशी लपवत होते, आणि हा माणूस मी कामावर गेले की काठी टेकत स्वयंपाकघरात जाऊन ती वाचत होता. पहिल्यापासून. आणि माझ्यासमोर भिंतीकडं तोंड करून बसत होता. एवढं कळत होतं तर एक शब्द बोलायला काय झालं होतं, असं मी तोंडावर विचारलं. म्हणाले, "पोरगं हात बांधून धुतंय म्हनल्यावर काय बोलावं?"

तरी आठ दिवस मशीनला हात लावला नाही. मी मागं लागले नाही. पण एक दिवस कामावरून आले तर मशीनची नुसती नळी त्यांच्या मांडीवर होती, पाणी न जोडलेली. उजव्या हातात घोडा धरला होता आणि डाव्या हातानं उजवी बोटं वरून दाबत होते. मला बघून लगेच बाजूला ठेवली. चेंडू लेकरांचा असतो ना, हे अवजार आहे. मी बघितलंच नाही असं करून चुलीकडं गेले.

एकवीस तारखेला खांदमळणी. तिसऱ्या प्रहरी स्वतः उठले. म्हणाले, "खुर्ची टाक." मी खुर्ची टाकली, टाकी भरून दिली, कोंबड्या हाकलल्या. मोहनसिंग कुंपणापाशी येऊन उभे राहिले, पण आत आले नाहीत. शहाणा माणूस.

डाव्या हातानं मामांनी घोडा दाबला. पहिला फवारा टपावर गेला आणि पाच महिन्यांचा गाळ खाली ओघळला. खाली पांढरं दिसायला लागलं. स्वप्निल, खरं सांगते, लग्नातसुद्धा मी एवढी आनंदी नव्हते. ते थांबत थांबत धूत गेले. खुर्ची मी सरकवायची, डबा मी ओढायचा. मागची बाजू झाली, डावी बाजू झाली, काच झाली. एक बॅटरी संपली. दुसरी त्यांनी स्वतः घातली, लाल पट्टी बघून.

सगळी गाडी झाली, फक्त ड्रायव्हरचं दार राहिलं. तिथं ते थांबले आणि नळी माझ्यापुढं धरली.

"हितून तू धू."

"काहून? दमलात का? बसा घटकाभर."

"दमलो न्हाई. जो जुपतो त्यानं धुवायचं."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मग तुमीच धुवा की. तुमचीच हाय गाडी."

"मला आता जुपता येनार न्हाई, सुमन. मुन्नाला मी सकाळीच फोन केला, येऊ नको म्हनून. उद्यापसून तू जुपायचं."

मी म्हटलं, छप्पन्न वर्षांची बाई मी, सायकलसुद्धा धड येत नाही, लोक काय म्हणतील. तर म्हणाले, "मी बाजूला हाय ना. अकरा वर्सं तू बाजूला बसलीस, आता मी बसतो. गेर कवा बदलतेत, तुला आवाजानं ठाऊक हाय. मी लई येळा बघितलंय, माझ्याआधी तुझा पाय हलतो."

खरं आहे ते. हलतो. त्यांनी ते बघितलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मोहनसिंग कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, ना म्हनू नका. आमाला बी नांदेडला न्यायला कोनीतरी पायजे."

मी दार धुतलं.

मग हळद. आपल्याच शेतातली. पळसाच्या पानावर लोणी-हळद घेऊन मी त्यांच्या उजव्या हातात दिलं आणि मनगट धरलं. बोटं हलली असं मी म्हणणार नाही. पण पान पडलं नाही. दोघांनी मिळून बोनेटला चोळलं. आवतण द्यायच्या वेळी त्यांची जीभ अडखळली, म्हणून आम्ही बरोबरच म्हटलं. पोळ्याला हरण्यापुढं पुरणपोळी ठेवली आणि मग ती मोहनसिंगांच्या बैलांना खाऊ घातली. झेंडूचं तोरण त्यांनीच आणलं. तणनाशकाचं प्रायश्चित्त म्हणाले.

काल सकाळी अंगणातच पहिला धडा झाला. मी क्लच सोडला आणि हरण्या उडी मारून बंद पडला. चारदा. पाचव्यांदा मामा हसले. तोंड अजून एका बाजूलाच हसतं, पण आवाज तोच आहे. शिकाऊ लायसन काढल्याशिवाय फाटकाबाहेर न्यायची नाही असं ठरलं आहे. पुढच्या आठवड्यात हिंगोलीला जाऊ. पुजा म्हणते, पहिली सवारी मी.

तुझ्या दप्तराची खुंटी अजून आहे. मशीनची नळी आता तिथं टांगली आहे, मामांच्या सदऱ्याशेजारी. खोक्यातून आलेली तुमच्या दुकानाची पिशवी पाठवते आहे, रिकामी परत करत नाहीत म्हणून त्यात दोन किलो हळद घातली आहे. प्रियंकाला दे. तुझ्या मालकांनाही त्यातली थोडी दे, त्यांच्या गाडीचा रंग आपल्यासाठी झिजला.

तुझे उपकार मानत नाही, घरच्याचे मानायचे नसतात. पण रोज सकाळी ते खिडकीकडं तोंड करून बसतात, तेव्हा मला तुझी आठवण येते.

खाली मामांना जागा सोडते आहे. डाव्या हातानं लिहिताहेत, अर्धा तास झाला, मला बघू देत नाहीत.

आत्या

स्वप्निल. मशीन बराबर आहे.
त्या वर्षी तू धुतलेली गाडी साफ होती. मी तेव्हाच बघितलं होतं.
माणिकराव